घर पाहावं आषाढात

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण मैत्रिणींनो, आता घर बांधतं कोण? आता घर 'घेतात'. तेही जमिनीवरचं नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचं, तयार. आपल्या आईच्या पिढीत त्याला 'ब्लॉक' म्हणत, आता शाळकरी मुलंसुद्धा 'टू बीएचके' म्हणतात. एक बैठकीची खोली, एक स्वयंपाकघर, दोन झोपायच्या खोल्या. मुंबई-पुण्याची ही चाल आमच्या पाटणसारख्या तालुक्याच्या गावीही आता चांगलीच रुळली आहे.

पण घर पाहायला आपण जातो कधी? मे महिन्याच्या सुट्टीत नाहीतर दिवाळीत, पाव्हणेरावळे जमलेले असताना. त्या दिवसांत भिंती कोरड्या, रंग ताजा, मागचा ओढा आटलेला. सगळंच झकास दिसतं! आणि जातं कोण? घरातले पुरुष. ते दर विचारतात, कर्जाचा हप्ता काढतात, गाडी कुठे लागेल ते पाहतात. मग शेवटी आपल्याला विचारलं जातं, "स्वयंपाकघर आवडलं ना?" आपण मान डोलावतो. झालं, घर पसंत!

माझं सांगणं एवढंच, की घर पाहावं आषाढात, आणि त्यात जी चोवीस तास वावरणार आहे तिनं पाहावं.

दाराला आपली कडी

या घरांचं अप्रूप का वाटतं, ते आधी सांगायला हवं. पाटण तालुक्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला गेली. कुणी गिरणीत लागलं, कुणी बाजारात पाठीवर ओझी वाहिली. माथाडी कामगारांना ज्यांनी संघटित केलं ते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातूनच १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्या काळी मुंबईत एकेका खोलीत दहा-दहा, बारा-बारा पुरुष राहत. जेवण खाणावळीत, झोप पाळीपाळीनं. आणि त्यांच्या बायका? त्या गावाकडे, एकत्र कुटुंबात, चुलीपुढे. नवराबायकोची गाठ पडायची गणपतीत नाहीतर यात्रेला.

अशा घरातली सून किंवा नात आज दोन खोल्यांच्या फ्लॅटची किल्ली हातात घेते, तेव्हा तिला प्रथमच आतून कडी लावता येणारी खोली मिळते. मुलीला अभ्यासाला टेबल मिळतं. सासूबाईंना रात्री चार वेळा उठायचं झालं, तरी अंगण ओलांडावं लागत नाही. हे सुख लहान नाही, आणि म्हणूनच ते डोळसपणे घ्यायला हवं. आयुष्याची पुंजी एकदाच घालायची असते. आणि घरात काही बिघडलं, तर त्याचा त्रास पहिल्यांदा कुणाला होतो, ते तुम्हांला-मला वेगळं सांगायला नको.

पावसाची परीक्षा

आमचा पाऊस पश्चिमेकडून येतो. सह्याद्रीच्या माथ्याजवळ कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पाटणला तेवढा नसला, तरी चार महिने भिंतींना उसंत देत नाही. त्यामुळे घराची पश्चिमेची भिंत ही पहिली परीक्षा. त्या भिंतीला कपाट चिकटवलेलं असेल, तर ते सरकवून मागं हात लावून पाहा. भिंत गार लागली, पोपडे सुटले असतील, बुरशीचा वास आला, तर रंगानं ते झाकता येईल, बरं होणार नाही.

खिडक्यांवर छज्जा आहे का, आणि तो पुरेसा पुढे आलाय का, हेही पाहा. खिडकीची बैठक बाहेरच्या बाजूला किंचित उतरती हवी, नाहीतर पाणी आत वळतं. न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे, ते पाहा. पर्समध्ये एक गोटी ठेवा. ती फरशीवर सोडली की उतार कुणीकडे आहे ते लगेच कळतं. गच्चीवर जाऊन या. पाऊस थांबून तासभर झाला तरी तळी साचलेली असतील, तर वरच्या मजल्यावर राहणारीनं आताच सावध व्हावं.

आणि कपडे वाळणार कुठे? हा प्रश्न कुठल्याही नकाशात नसतो! आषाढ-श्रावणात चार माणसांचे कपडे रोज वाळवायचे, तर झाकलेली, वारा खेळणारी बाल्कनी लागते. ती नसेल तर मधल्या पॅसेजच्या छताला खाली-वर होणारी दांडी लावता येईल का, ते विचारून ठेवा. झोपायच्या खोलीत ओले कपडे टाकून दार लावलं, की आठ दिवसांत बुरशीचा वास आलाच म्हणून समजा.

सालाचं धान्य भरणाऱ्या घरांनी तर हे फारच जपावं. आमच्याकडे इंद्रायणी तांदूळ वर्षाचा भरतात. वाड्यात कणगी होती, माळा होता. फ्लॅटमध्ये डबे भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी फळीवर ठेवावेत. जागा कमी असेल तर चार महिन्यांचंच भरावं, पण उन्हात खडखडीत वाळवून आणि कडुलिंबाचा सुका पाला घालून. ओलसर भिंतीला टेकवलेला डबा म्हणजे किड्यांना आवतणच.

पलंगाच्या वर काय आहे?

आता जरा गंभीर गोष्ट. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा मोठा भूकंप झाला. तीव्रता साडेसहाच्या जवळपास. दोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो घरं पडली. माझ्या सासूबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या होत्या. पुढच्या कित्येक रात्री त्यांच्या घरच्यांनी थंडीत खळ्यावर काढल्या. आजही मांडणीवरची भांडी किणकिणली, की त्यांचा हात आधी नातवाकडे जातो.

त्याआधी दख्खनचं पठार भक्कम समजलं जाई. १९६७ नंतर तो समज गेला. १९७० मध्ये देशाचा भूकंप-नकाशा सुधारला, त्यात कोयनेचा परिसर अधिक धोक्याच्या, चौथ्या विभागात घातला गेला. लहानमोठे धक्के त्यानंतरही या भागात बसत राहिले. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विवर घेतलं, आणि कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे.

मग फ्लॅट घ्यायचाच नाही का? तसं मुळीच नाही. १९६७ ला काय, किंवा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात काय, माणसं दगावली ती मुख्यतः दगडमातीच्या जड भिंतींखाली. नीट बांधलेली खांब-तुळयांची इमारत त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. पण 'नीट' या शब्दावर सगळं आहे. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात दूर अहमदाबादेत फ्लॅटच्या इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींच्या तळमजल्यावर गाड्यांसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. वरचा भार जड आणि खालचे पाय लुकडे, असा तो प्रकार. तेव्हा तळमजला मोकळा असेल, तर मध्ये काही भिंती उभ्या केल्यात का, खांब पुरेसे जाड आहेत का, आणि आर.सी.सी.चं डिझाइन कुणी केलं, हे विचारा. "वहिनी, तुम्हांला कशाला हवं?" असं कुणी म्हटलं, तर हसून पुन्हा विचारा. बांधकाम चालू असेल, तर खांबांच्या सळयांभोवतीच्या रिंगा पाहा. त्या जवळजवळ हव्यात, आणि त्यांची टोकं नुसती काटकोनात न वळवता आत, खांबाच्या पोटाकडे वळवलेली हवीत. हे पाहायला इंजिनीयर असावं लागत नाही. वेणीची गाठ सैल की घट्ट, ते आपल्याला कळतंच की!

आता घरातलं पाहा. कोयनेचा भूकंप पहाटे सव्वाचारनंतर झाला, किल्लारीचा पहाटे चारच्या सुमाराला. दोन्ही वेळी माणसं अंथरुणात होती. म्हणून या दोन झोपायच्या खोल्यांत सगळ्यांत महत्त्वाची जागा कुठली, तर पलंगाच्या वरची. तिथे माळा नको. माळा असलाच तर त्यावर पितळेचे हंडे आणि ट्रंका नकोत. तिथे गाद्या-उशा ठेवाव्यात. डोक्याशी जड तसबीर नको. लोखंडी कपाट दोन क्लँप लावून भिंतीला पक्कं करावं. उशाशी बॅटरी आणि चपला असाव्यात, काचा पडल्या तरी चालता येतं. धक्का बसला, तर जिन्याकडे धावण्यापेक्षा भक्कम टेबलाखाली बसून डोकं झाकावं, आणि थांबल्यावर गॅस बंद करून उतरावं. लिफ्टचं नाव काढू नये. हे मुलांना महिन्यातून एकदा खेळासारखं करून दाखवा. मुलं घाबरत नाहीत, उलट आजीलाच शिकवतात!

टेप घ्या हातात

फ्लॅटच्या मापांचा घोळ तुम्ही ऐकलाच असेल. सांगताना 'नऊशे फूट' सांगतात आणि आत पाऊल टाकलं की घर कुठेतरी आक्रसतं! त्या नऊशेत जिना, बाहेरच्या भिंती, लिफ्टची जागा, सगळं धरलेलं असतं. आपल्याला विचारायचं ते चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट. १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झालेल्या रेरा कायद्यात त्याची व्याख्या आहे. घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र आणि आतल्या खोल्यांमधल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. माप चौरस मीटरमध्ये दिलं असेल तर १०.७६ नं गुणा, फूट मिळतील.

पण नुसत्या आकड्यानं संसार मांडता येत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा फूट रुंदीचा पलंग ठेवला, की उरतात चार फूट. त्यात दोन फुटांचं कपाट आलं, की कपाट आणि पलंगाच्या मध्ये जेमतेम दोन फूट. कपाटाचं दार उघडेल, पण ते उघडल्यावर तुम्ही उभ्या राहणार कुठे? म्हणून आपल्या घरातल्या पलंगाची, कपाटाची, शिलाई मशिनची मापं आधी वहीत लिहून न्या आणि खडूनं तिथल्या फरशीवर आखून पाहा.

स्वयंपाकघरात ओट्याची उंची तुमच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली हवी. सगळीकडे एकच माप करतात आणि मग उंच बाईची पाठ आणि ठेंगणीचे खांदे दुखतात. ओटा व्हायचा असेल तर तुमचं माप द्या. लाज कसली, ब्लाउजचं माप देतोच ना आपण? मिक्सर, फ्रीज आणि पाण्याचं यंत्र यांना वेगवेगळी बटणं हवीत. आणि पाट्यावर वाटायची सवय असेल, तर खालच्या घरातल्या बाईशी आधी बोलून ठेवा. तुमची फरशी ते तिचं छत!

दोन बेडरूमची वाटणीही आधीच ठरवावी. न्हाणीघराला लागून असलेली खोली वडीलधाऱ्यांना द्यावी, 'आमची मास्टर बेडरूम' असा हट्ट धरू नये. रात्री उठणाऱ्याला चार पावलं कमी पडली, की सगळं घर शांत झोपतं.

घराबाहेरचं घर

आता खाली उतरा आणि आजूबाजूला फिरा. चार भिंतींच्या आतलं बदलता येतं, बाहेरचं नाही.

आमचं गाव कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसलेलं. नदीकाठी घर म्हणजे दिसायला नंदनवन! पण जलसंपदा विभाग पूररेषा आखतो, त्यांत निळी रेषा आणि लाल रेषा अशा दोन असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. आपली इमारत कुठल्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, ते नगरपंचायतीत विचारावं. जवळच्या जुन्या रहिवाशालाही विचारावं, "पाणी कुठवर आलं होतं?" भिंतीवर हात ठेवून तो नेमकं दाखवतो.

डोंगराच्या पायथ्याशी असाल तर मागं वळून पाहा. डोंगर उभा कापून जागा काढली आहे का? आधाराची भिंत असेल तर तिच्यात पाणी निघायला भोकं ठेवलीत का? जुलै २०२१ मध्ये आमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे एका रात्रीत दरडी कोसळून माणसं गाडली गेली. त्या गावांच्या आठवणीनं अजून घास अडकतो. पावसात डोंगराला नवी भेग दिसली, झाडं वाकली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर ती सूचना समजावी आणि जागा सोडावी. सामान नंतर.

मग पाणी. आपल्याकडे पाऊस धो धो, तरी नळाला पाणी ठरावीक वेळेलाच, अशी बऱ्याच गावांची तऱ्हा. ते किती वाजता येतं? टाकी किती मोठी? पंप कोण लावतं? कराडला लागून असलेल्या मलकापूरनं मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना केली, तेव्हा लहान गावाचं देशभर नाव झालं. त्यातलं मर्म बाईमाणसाला चटकन कळेल. नळाला केव्हाही पाणी येणार असेल, तर हंडे-बादल्या भरून ठेवून दुसऱ्या दिवशी 'शिळं' म्हणून ओतून देण्याची गरज उरत नाही, आणि मीटर असला की गळता नळ कुणी तसाच ठेवत नाही. आपल्या इमारतीत घरटी मीटर बसवायचं सुचवायला काय हरकत आहे?

शेवटी एक फेरी संध्याकाळी सात वाजता मारा. एस.टी. स्टँडपासून घरापर्यंत दिवे आहेत का? क्लासहून येणारी मुलगी एकटी चालत येऊ शकेल का? दळणाची गिरणी, दवाखाना, औषधाचं दुकान किती लांब? आणि शेजारच्या दारावर टकटक करून खुशाल विचारा, "आम्ही इथे येणार आहोत, कसं आहे हो इथलं?" फ्लॅटमध्ये शेजार नसतो असं म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्या इमारतीत मुंबईहून निवृत्त होऊन आलेलं कुटुंब आहे, मुलांच्या शिक्षणासाठी वाडीवरून उतरलेलं आहे, नोकरीनिमित्त आलेलं आहे. उन्हाळ्यात गच्चीवर एकीच्या कुरडया, दुसरीचे सांडगे आणि राखणीला तिसरीच्या सासूबाई! मात्र गच्ची सगळ्यांची आहे हे कागदोपत्री पक्कं करून घ्या, नाहीतर ती आधीच कुणाला तरी 'विकलेली' निघते.

सही आणि नाव

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. कर्ज काढताना बँक पुष्कळदा बायकोलाही सहकर्जदार करते. आपण दाखवतील तिथे सह्या करतो. पण सहकर्जदार असणं म्हणजे मालकीण असणं नव्हे! करारनाम्यात तुमचं नाव नसेल, तर हप्ते फेडण्याची जबाबदारी तुमची आणि घर मात्र दुसऱ्याचं, असं होऊ शकतं. तसंच 'नॉमिनी' म्हणजे वारस नव्हे. नॉमिनीकडे सोसायटीचा व्यवहार येतो, पण घरातला हक्क वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानं ठरतो.

म्हणून सही करण्याआधी घरात शांतपणे विषय काढा. "माझ्यावर विश्वास नाही का?" असा प्रश्न येईल. त्याला उत्तर आहे, "विश्वास आहे म्हणूनच तर दोघांची नावं घालू या." सरकारचंही धोरण तेच सांगतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावे घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पंचवीस लाखांच्या घरामागे ती पंचवीस हजार होते. आधी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली. नवऱ्याबरोबर जोडनावानं घेतलं तर ही सवलत मिळत नाही, पण हक्क मात्र मिळतो. यांतलं काय निवडायचं ते तुमच्या घराच्या परिस्थितीवर ठरवा. 'नाव नको, मन असलं की झालं' हे वाक्य तेवढं विसरून जा.

कागदांत बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, ही तीन नावं लक्षात ठेवा. इमारत रेरात नोंदलेली असेल, तर नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही, आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. ओल आली तर गप्प बसू नका, तारीख घालून लेखी कळवा. मात्र जागा पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा फ्लॅट आठांपेक्षा जास्त नसतील, तर अशा इमारतीला रेरा नोंदणीची सक्ती नाही. लहान गावात इमारती लहानच असतात, म्हणून हे आधी विचारावं, आणि नोंदणी नसेल तर करारनामा वकिलाकडून दुप्पट बारकाईनं वाचून घ्यावा. सोसायटी झाली की तिच्या समितीत बायकांसाठी राखीव जागा असतात. तिथे नुसतं नाव देऊन घरी बसू नका. पाण्याचा, जिन्यातल्या दिव्याचा, कचऱ्याचा प्रश्न आपल्याइतका कुणाला ठाऊक असणार?

तेव्हा घर घ्यायचं मनात असेल, तर दिवाळीच्या मुहूर्ताआधी एक मुहूर्त आषाढातला धरा. छत्री, टेप, बॅटरी, गोटी आणि वही घेऊन निघा, सासूबाईंनाही सोबत न्या. जिना चढताना त्यांना किती वेळा थांबावं लागतं, तेही वहीत टिपून ठेवा. घरी आल्यावर ती वही सगळ्यांपुढे ठेवा, आणि मगच हप्त्याचं गणित सुरू होऊ द्या.